आर्नुल्फचे काचेचे डोळे

माझा धाकटा भाऊ आर्नुल्फ तिशीतच काचबिंदूने आंधळा झाला. पण रडत बसणाऱ्यातला तो नव्हता. बंदरावरच्या शेडमध्ये बसून मासेमारीच्या लांब दोरीवरच्या गळांना आमिष लावायचा, तेही आमच्यापेक्षा भरभर. वर आम्हालाच टोमणे, "बघण्यात वेळ घालवता तुम्ही."

आमच्याकडे, पार उत्तरेच्या टोकाला, नोव्हेंबरात सूर्य जातो तो जानेवारी सरताना येतो. मधल्या काळात सगळं गावच मरगळतं. कोणी धड बोलत नाही आणि कोणी का म्हणून विचारतही नाही. काळोखाचे दिवस म्हटलं की सगळं माफ. आर्नुल्फही तसाच व्हायचा. मग सूर्य पहिल्यांदा परत दिसतो त्या दिवशी, सूर्याच्या दिवशी, शाळा, कामं टाकून सगळे टेकडीवर जातात, जॅम भरलेले बन खातात. तिथे हा तोंड वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आला गं, ताई." त्या दिवसापासून माणूस ताळ्यावर यायचा. आम्हाला वाटायचं, लोकांचा गलका ऐकून म्हणत असेल.

पुढे त्याचे डोळे ठणकायला लागले. असे, की उशीत तोंड खुपसून ओरडायचा. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "नाहीतरी दिसत नाहीच, काढून टाकू." आम्हाला पटलं. न पटायला काय झालं होतं? शरद ऋतूत दोन्ही डोळे काढले, काचेचे निळे बसवले. शेजारीण यॉर्दिस म्हणाली, "काय देखणा दिसतोस रे. लग्नाचं बघू या का?"

"आधी तुझा नवरा काय म्हणतो ते विचार," आर्नुल्फ म्हणाला. ठणका गेला होता, आम्ही सगळे खुशीत होतो.

काळोख आला आणि हा पार ढासळला. दिवसा झोप, रात्रभर येरझारा. शेडमध्ये जाणं बंद. ताट पुढे केलं तर तसंच पडून राहायचं. मी यॉर्दिसपाशी बोलले, तर ती म्हणाली, "काळोख आहे, बाई. सूर्य येऊ दे, उठेल." गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. माझ्याही. आम्ही जन्मभर हेच बघत आलोय, दुसरं काय सुचणार?

सूर्याच्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच वर नेलं. गर्दी नको म्हणाला, म्हणून टेकडीच्या दुसऱ्या अंगाला उभे राहिलो. वारा उलटा होता, लोकांचा आवाज येत नव्हता. समुद्रावर सूर्याची कड वर आली, ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं. मी वाट बघत होते. तो हातात बन धरून उभा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, अजून किती वेळ?"

"आलाय रे," मी म्हणाले. "तुझ्या तोंडावरच ऊन आहे."

"हो का," म्हणाला. बन माझ्या हातात दिला आणि घरी चल म्हणाला.

शहरातल्या झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी उलगडून सांगितलं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, ज्या दाखवत काहीच नाहीत. उजेड आहे की नाही, एवढंच मेंदूला कळवतात. झोप, जाग आणि बरंचसं मनही त्यावर चालतं. आंधळ्या डोळ्यातही त्या कधीकधी जिवंत राहतात. "यांच्या राहिल्या असाव्यात," बाई म्हणाल्या.

"मग आता?" मी विचारलं.

"आता डोळेच नाहीत."

असा संताप आला मला. पण काढू कोणावर? ठणका तर खरा होता. आर्नुल्फ काचेचे डोळे त्यांच्याकडे लावून बसला होता. म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मला उजेड कळत होता. आणि ते मलाच माहीत नव्हतं."

ठरल्या वेळेला घ्यायच्या गोळ्या दिल्या. झोप थोडी जागेवर आली, मन नाही आलं. आता जून आहे, आमच्याकडे चोवीस तास ऊन. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. रोज मी त्याच्या घरी जाते, खांद्याला हात लावते आणि म्हणते, "आर्नुल्फ, सकाळ झाली."

काल म्हणाला, "खरंच ना, ताई? की मला उठवायला म्हणतेस?"

आंधळा झाल्यापासून त्याने मला हे कधीच विचारलं नव्हतं.