पटावरची राक्षसीण

चित्रकर्तीने वर्षभर खपून एक लांबलचक पट रंगवला. पूर्वी गावोगाव फिरून गोष्टी सांगणारे वापरत, तसा. कलाशाळेत घोटून घेतलेल्या छाया-प्रकाशाला तिने रजा दिली होती. माणसं सगळी एका बाजूला तोंड करून उभी, डोळे मात्र समोरचे, माशांसारखे टपोरे. गोष्ट एका राक्षसिणीची आणि तिला पाहून पळत सुटणाऱ्या राजाची.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला घरची फौज हजर झाली. आत्या राक्षसिणीसमोर थबकली.

"ही मीच ना गं?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग हे नाक कुणाचं? तुझ्या आजोबांनी ते फक्त मला दिलंय."

चित्रकर्तीने निरखून पाहिलं. नाक आत्याचंच होतं. हाताने परस्पर रेखाटलेलं. पळणारा राजा तर हुबेहूब आतोबा. आतोबांनाही ते कळलं असावं, कारण ते मुकाट्याने चहाच्या टेबलाकडे सरकले.

"राक्षसीण केलीस ते केलीस," आत्या म्हणाली, "पण राजापेक्षा लहान का?"

"जुन्या पटांत मानाचं माणूस मोठं काढतात, आत्या."

"तेच विचारतेय मी!"

एवढं म्हणून आत्याने आतोबांची छत्री उचलली आणि पटावर रोखून गोष्टच सुरू केली. राजा म्हणे भाजी आणायला गेला आणि गप्पा छाटत बसला. बिचारी राक्षसीण ताट वाढून त्याला शोधत निघाली. लोक खो-खो हसत होते. लोककलेतले आकार आणि आधुनिक अवकाश यांवर चित्रकर्तीने तयार केलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

आधी तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिने पाहिलं, माणसं आत्यामागून एकेका चित्रापाशी सरकत होती, पुढे काय म्हणून माना उंचावत होती. तिच्या आधीच्या प्रदर्शनांत लोक नुसते 'वा, वा' करून निघून जात. आपण पट रंगवला, पण तो सांगायचा राहिलाच की!

न राहवून तिने मागून विचारलं, "मग सापडला का राजा?"

"मधे बोलू नकोस," आत्या डाफरली.

दुसऱ्या पटाच्या वेळी चित्रकर्ती रंग कालवण्याआधीच आत्याकडे जाऊन बसली. आत्याने पाय पसरले, घसा खाकरला आणि अंधार पडेपर्यंत तिला उठू दिलं नाही.