परत न गेलेला डबा

शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर बघा. गोल, पत्र्याचा, झाकणाला पोचा आलेला, तो मीच. आज माझ्या पोटात सुया, बटणं आणि जोडी हरवलेलं एक झुमकं आहे. पण जन्मानं मी मिठाईचा डबा, आणि तोही मुलतानच्या सोहन हलव्याचा. एवढा तोरा मला शोभतोच.

मला भरलं ते हुसेन आगाही बाजारातल्या एका गल्लीत. मोड आलेल्या गव्हाचं पीठ, दूध, साखर, तूप. कढईत ढवळून ढवळून कारागिराचे दंड भरून आले होते. हलव्याला तूप सुटलं आणि तो तसाच वाफाळता माझ्यात ओतला. वरून बदाम-पिस्ते. असा चटका बसला म्हणता! निवल्यावर झाकणाभोवती कागदाची पट्टी चिकटवली आणि मी दुकानात मांडला गेलो.

मला यावर नावाच्या तरुणाच्या आईनं उचललं. तो निळ्या फरशांवर नक्षी काढायचा. त्याच्यासाठी करीमदादच्या मुलीला, बख्तावरला, मागणी घालायची म्हणून त्या बाईनं मला घासूनपुसून, दुपट्ट्याखाली झाकून नेलं.

त्यांच्या बिरादरीत मागणीचा डबा लगेच फोडत नाहीत. फोडून तोंड गोड केलं की होकार झाला, मग माघार नाही. स्थळ नको असेल तर डबा न फोडता परत करायचा. कुणी कुणाला कारण विचारत नाही.

तर मी कपाटावर बसलो. बख्तावर दिवसातून चारदा कपाट पुसायची आणि पट्टी शाबूत बघून उसासा टाकायची. मुलगा करीमदादलाही आवडला होता. पण लाहोरहून थोरल्या भावाचा फोन आला. "फरशा रंगवणाऱ्याला पोरगी देतोस? मी इथं चांगलं स्थळ बघतोय. डबा परत कर!" थोरल्या भावापुढे करीमदादचं तोंड आजवर कधी उघडलं नव्हतं. "जी, भाईजान," एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी तो टोपी घालून निघाला. "नमाज पढून आलो की डबा देऊन येतो." बख्तावर कणकेच्या हातांनी चुलीपाशी तशीच उभी राहिली.

खाटेवर दादी होती, करीमदादची आई, जन्नत माई.

"इकडे ये गं. तो पोरगा तुला पसंत आहे का?"

"आहे, दादी."

"ऐकू नाही आलं."

"पसंत आहे!" बख्तावर अशी ओरडली की शेजारची बकरी चरायची थांबली.

"मग काढ तो डबा खाली."

"दादी, पण अब्बा..."

"तुझ्या अब्बाला मी जन्म दिलाय. काढ म्हणते ना!"

दादीनं नखानं पट्टी फाडली. झाकण निघेना, तेव्हा तिनं चमचा घालून उचकटलं. हा पोचा तेव्हाचा. बत्त्यानं हलवा फोडला आणि बख्तावरच्या हाती ताट दिलं. "जा, गल्लीभर वाट. सांग, माझं ठरलं."

पोरगी पळाली. घरात उरलो दादी आणि मी. दादीला साखरेचा आजार. तिनं मला नाकाशी धरून एक लांब श्वास घेतला, चार कण बोटावर घेतले आणि मुद्दाम हनुवटीला फासले. तोंडात एक घालेल तर शपथ!

करीमदाद परतला तो गल्लीभर गळाभेटी घेतच. जो तो म्हणत होता, "मुबारक हो!" घरात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अम्मा, हे काय केलंस? आता भाईजानला काय सांगू?"

"सांग, म्हातारी हावरट निघाली. जिभेवर ताबा नाही मेलीचा. बसली डबा फोडून!"

करीमदाद तिच्या हनुवटीकडे बघत राहिला आणि मग मटकन खाटेवर बसला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्याचे खांदे सैल झाले आणि तो हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला. "आठवडाभर घास उतरत नव्हता, अम्मा!" माझ्या तळाशी उरलेला तुकडा त्यानं काढला आणि परतलेल्या बख्तावरच्या तोंडात घातला. तिचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं मीच होतो.

लग्नात बख्तावरनं मला सोबत आणलं. इथं मी सुखात आहे. समोरच्या भिंतीवर यावरनं निळी वेल काढली आहे, दिवसभर ती बघत असतो.

लाहोरचे काका आजही प्रत्येक लग्नात ओरडतात, "अरे, मिठाई अम्मापासून लांब ठेवा!" सगळे हसतात. दादी सगळ्यांत मोठ्यानं हसते. बख्तावरलासुद्धा वाटतं, दादीनं त्या दिवशी चांगला ताव मारला.

मला तिथं बोलता येत नाही. तुम्ही कधी त्या पंगतीत बसलात तर माझं एवढं काम करा. त्यांना सांगा, डबा म्हणतो, म्हातारीनं माझ्यातला कणही खाल्ला नाही.