बारावं कालव

"या बाराजणींना सुरी लावायची नाही. म्हाताऱ्या होऊन पाण्यातच मरू देत." ह्यांनी अंथरुणातून हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. "नाही लावणार," मी म्हणाले.

त्सुनामीत आमचे कालवं वाढवायचे सगळे तराफे गेले. मानगोकु खाडीत आमची म्हणून उरली ती ही बारा कालवं. पुढची सगळी पिल्लं त्यांचीच.

आमची मिसुझु विद्यापीठात कालवांच्या पिल्लांवर काम करते. अंडं फळलं की दिवसभरात पिल्लाच्या अंगावर अर्धचंद्रासारखं पहिलं कवच धरतं. समुद्र हल्ली आंबट होतोय, त्यात कित्येकांचं कवच वाकडं धरतं, किंवा धरतच नाही. आमच्या बाराजणींच्या पिल्लांचं मात्र धरतं. त्या एका दिवसात त्यांची कुठली जनुकं जागी होतात, ते तिला शोधायचं होतं.

"पाणी कोमट केलं की आपसूक अंडी सोडतात, आई. सुरी कशाला लागतेय?"

मी अकरा दिली. बारावं का ठेवलं, सांगता येणार नाही.

महिन्याभरानं तिनं अकरांचे धुतलेले शिंपले आणून दिले. "उन्हाळा सोसला नाही गं त्यांना."

दुसऱ्या दिवशी ते मी कालवं सोलायच्या शेडमध्ये नेले. तिथे माझी चाळीस वर्षं गेली. शेजारच्या किनुबाईंनी एक हातात घेऊन फिरवला.

"तोयोनो, ह्या कडेला टवका बघ. आपणहून मेलेलं कालव आ वासतं, त्याला टवका कशाला उडेल? कुणी उघडलंय गं, तुझ्या लेकीनं? शिकली एवढी, पण सुरी धरता येत नाही हो!"

शेड हसली. मीही हसले. मग एकेक शिंपला पाहिला. अकराही तसेच.

सकाळच्या बुद्धसूत्रांच्या पाठानंतर दुपारपर्यंत कठोर बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. म्हणून फोन दुपारनंतर केला.

"दोन आठवडे वाट पाहिली, आई. एकानंही अंडी सोडली नाहीत. परिषद तोंडावर आली होती, मग उघडून अंडी काढली."

"मग खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर बारावं दिलं असतंस?" ती थांबली. "ते मला हवंय. तेवढं एक मोजायचं राहिलंय. सोमवारी सकाळी आठला मी नि आमचे विद्यापीठातले सर ते न्यायला तराफ्यावर येतोय. नाही मिळालं तर माझी नोकरी पक्की होत नाही."

"बाबांना शब्द दिलाय मी."

"बाबा गेले, आई. मी आहे अजून."

सूर्य कलला होता, नेमही आड येत नव्हता. तरी मी फोन ठेवला.

सोमवारी उजाडताच ह्यांच्या फोटोपुढे पाणी आणि भात ठेवला. सूत्र म्हटलं, पण जीभ दोनदा अडखळली. मिसुझुसाठी माशाचं कालवण आणि भाताचे गोळे झाकून ठेवले. वर चिठ्ठी ठेवावी असं वाटलं, पण ठेवली नाही.

त्सुनामीनंतर बांधलेल्या तराफ्यावरून जाळी ओढली. बारावं कालव तळहाताहून मोठं, पाठीवर शेवाळ. ओल्या गोणपाटात गुंडाळून होडीत पायांशी ठेवलं. खाडीच्या तोंडाशी, जुन्या खडकांमागे आमचा पहिला तराफा होता. तिथे आता कुणी जात नाही. तिथे ते म्हातारं होईल.

इंजिन लावलं नाही. वल्ही घेतली आणि निघाले.