सात नंबरात शिरलेला समुद्र

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. ह्याच जगन्नाथपुरीत, माझ्या ह्याच लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर, सात नंबरच्या खोलीत समुद्र शिरला होता. खालचा मजला कोरडा ठणठणीत. लाट उडी मारून थेट सातच्या खिडकीतून आत! पलंगाखाली हिलसा मासळी तडफडतेय आणि न्हाणीत खेकडा असा पाय पसरून बसलेला, जणू त्याचंच बुकिंग होतं.

हसा लेको. सेबती, तू झाडू मार, कान इकडे नको.

ती खोली कलकत्त्याच्या नीहार बौदींची, म्हणजे वहिनीच म्हणा. सव्वीस वर्षं दुर्गापूजेच्या सुट्टीत त्यांचे यजमान दत्तबाबू आणि त्या यायचे. पावती नाही, आगाऊ रक्कम नाही. दत्तबाबू फोनवर विचारायचे, "दोल, सात ठेवलीस?" मी म्हणायचो, "ठेवली." झालं. त्यांचा स्टोव्ह, मच्छरदाणी आणि निळी बादली वर्षभर आमच्या जिन्याखाली असायची.

यंदा फोन बौदींचा. "आमचे हे गेले रे. एकटीच येते. त्या खिडकीत एकदा बसायचंय. सात ठेवशील?"

"ठेवली," म्हटलं.

पुतण्याने लॉज बुकिंगच्या साइटवर टाकलं होतं. बजावून गेला होता, "काका, फोनवर खोली दिलीत की मोबाइलवर ती बंद करा." मला वाटलं, तोंडाने शब्द दिला तो मोबाइलनेही ऐकला असेल. बौदींच्या तासभर आधी एक जोडपं दारात हजर. साइटवरून सातच घेतलेली, खिडकीचा फोटो माझ्या नाकासमोर. मागची गल्लीकडची खोली देऊ केली, तर म्हणे, "एकच तारा देऊ आणि तक्रारही लिहू." बौदी काही तारे देणाऱ्या नव्हत्या. मी किल्ली त्या जोडप्याच्या हातात...

छे, छे. हे मधलं सोडा. समुद्र शिरला होता, तेच सांगत होतो.

बौदी रिक्षातून उतरल्या. मी त्यांच्या पिशवीकडे बघत म्हटलं, "बौदी, सातमध्ये समुद्र शिरलाय."

"एवढंच ना? माझी बादली काढ. उपसते मी."

"खेकडा आहे आत."

"ह्यांना फार आवडायचा. स्टोव्हही काढ."

"अहो, फरशीच खचलीय!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पायांकडे बघत राहिलो. मग म्हणाल्या, "बरं. मागची दे."

चार दिवस त्या गल्लीकडे तोंड करून बसल्या. निघताना स्टोव्ह, मच्छरदाणी, बादली, सगळं रिक्षात घातलं. मी म्हटलं, "असू द्या की जिन्याखाली, पुढच्या वर्षी लागेल." तर म्हणतात कशा, "समुद्राचा काय भरवसा रे दोल? उद्या जिन्याखालीही शिरेल."

बघा! इतकं पटलं होतं त्यांना. शेवटपर्यंत कळलं नाही, बिचारीला.

"खोटं!" सेबतीने झाडू आपटला. "बाबू, पहिल्याच संध्याकाळी वाळूवरून वर पाहिलं त्यांनी. सातच्या खिडकीत त्या जोडप्यातल्या पोरीचा टॉवेल वाळत होता. मी शेजारीच होते. मला म्हणाल्या, 'मला दिसलं हे दोलला सांगू नकोस गं. मान वर करता येणार नाही त्याला.'"