गुळाचा खडा

औरंगपुऱ्यात यमुनाबाईंचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानासमोर इतरांच्या गाड्या लागतात. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर यमुनाबाईच बसतात. त्यांचा एक नेम आहे. नवं भांडं रिकामं द्यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या हाती देताना आत गुळाचा खडा टाकायचा.

त्या वर्षी धरण तळाला गेलं होतं. नळ आठवड्यानं यायचा, तोही चहापुरत्या पाहुण्यासारखा. शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. घरं जास्त, पाणी कमी. कळश्या विकणाऱ्यानं आणखी काय मागावं? त्यांचा मुलगा शंतनू यानं नोकरी सोडली आणि कळश्या एका कंपनीमार्फत ऑनलाइन विकायला काढल्या. अक्षय तृतीयेला लोक कळशी दान करतात. त्या एका सणाच्या भरवशावर दुकानातला झाडून सगळा माल त्यानं खोक्यांत भरला आणि कंपनीच्या बिडकीनजवळच्या गोदामात नेऊन ठेवला. यमुनाबाई कळश्या पुसून खोक्यात ठेवायच्या, तो वरून टेप मारायचा.

पहिल्याच आठवड्यात परमुलखातल्या एका बाईंनी फोटो टाकला. कळशीच्या तळाशी काळा गोळा, मुंग्यांचा. खाली एकच शब्द होता: जिवंत.

लगेच कंपनीचा निरोप आला. "आपल्या मालात जिवंत प्राणी आढळले. प्राण्यांच्या विक्रीस मनाई आहे. आपले खाते बंद करण्यात येत आहे."

"मुंग्या तुमच्या गोदामातल्या आहेत," शंतनूनं कळवलं.

"आपला त्रास आम्ही समजू शकतो. कृपया प्राणीविक्रीचा परवाना जोडावा."

"मी कळश्या विकतो!"

"धन्यवाद. परवाना जोडला नसल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली? तारे द्या."

त्यानं एक तारा दिला. त्याबद्दलही आभार आले.

मग माल तरी परत द्या म्हणाला. माल परत मागायचा अर्ज खात्यातूनच करावा लागतो, असं उत्तर आलं. आणि खातं बंद होतं. शेवटी तो स्कूटर काढून बिडकीनला गेला. गोदामाच्या फाटकावर कडुबा नावाचा पहारेकरी बसला होता.

"माझा माल आत आहे, मामा."

"पास हाय का?"

"पास नाही. पण माल माझा आहे."

"आसंल की. ही जिमीन माझी व्हती. तिथं, त्या खांबापाशी, बाजरी लई यायची." कडुबानं तंबाखू मळली. "मलाबी आत सोडत नायत. बसा, पानी प्या. बाटली हाय का तुमची? इथं पानी नाय."

शंतनू परत आला. सण तोंडावर आला होता. खातं उघडायची एकच वाट उरली होती, कबुलीजबाबाची. पडद्यावर दोन चौकोन होते. एक, मी प्राणी चुकून विकले. दोन, मी प्राणी जाणूनबुजून विकले. खाली ताकीद होती: पुन्हा प्राणी आढळल्यास खाते कायमचे बंद, आणि गोदामातल्या मालाची विल्हेवाट कंपनी लावेल.

"न केलेलं कबूल करतोस?" यमुनाबाई म्हणाल्या. "तुझे वडील असते तर..."

"तिसरा चौकोनच नाही ना, आई."

त्यानं 'चुकून' वर बोट ठेवलं.

सणाच्या आदल्या सकाळी खातं उघडलं. दुपारपर्यंत फोन वाजायला लागला. पुण्याला दोन कळश्या. नागपूरला एक. नाशिकला चार. कितीतरी दिवसांनी शंतनू हसला.

"थांब, तोंड गोड कर," म्हणत यमुनाबाईंनी गल्ल्याखालचा गुळाचा डबा काढला आणि तळ खरवडायला लागल्या.

"एवढ्यात संपला? गिऱ्हाईक तर फिरकत नाही इथं."

"अरे, तुझ्याच मालात गेला की."

"माझ्या?"

"कळशीत एकेक खडा. लोक दुकानात येत नाहीत म्हणून काय रिकाम्या धाडायच्या?"

"कोणत्या कळशीत, आई?"

"कोणत्या म्हणजे? सगळ्या! लांब जायच्या, म्हणून खडे जरा मोठेच टाकलेत."

फोन वाजला. सोलापूर, तीन. शंतनू विक्री थांबवायचं बटण शोधू लागला. ते सापडलं. दाबल्यावर निरोप आला: "आपली विनंती मिळाली. उद्या सुट्टी असल्याने तिचा विचार परवा होईल."

पुन्हा फोन वाजला.

"बघ, कसा खप लागलाय," यमुनाबाई म्हणाल्या, आणि डब्यातला शेवटचा खडा त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.