सारख्या पानांचं झाड

मी एक जुना प्लॉटर आहे, गाड्यांवर चिकटवायचं रेडियम कापणारं यंत्र. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणी भंगार म्हटलेलं खपत नाही! शिरूरमधल्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या नंबरप्लेटा आणि टेम्पोंवरची नावं माझ्याच पात्यानं कापली आहेत. दुकानाचे मालक नागसेनभाऊ तेव्हा गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात माझी ओळख करून द्यायचे. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि मी कोपऱ्यात गेलो. येणारा-जाणारा माझ्यावर चहाचा कप ठेवायचा. फार वाईट वाटायचं.

तिथून मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीनं, तेजश्रीनं. ती कारेगावला कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर लिस्प नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. नुसते कंसच कंस! पण त्या कंसांतून चित्रं उगवतात, आणि एक आकडा बदलला की चित्र लगेच बदलतं. तिनं मला पुसलं, पात्याच्या जागी पेन बसवलं आणि मी कागदावर वेलबुट्ट्या काढू लागलो, प्रत्येक वेळी नवीन. नंबरप्लेटांना कंटाळलेल्या जिवाला आणखी काय हवं?

त्यांचं गाव निमोणे. तिथल्या विहाराची भिंत सजवायची ठरली, तेव्हा तेजश्रीनं वस्तीला शब्द दिला. बुद्धपौर्णिमेला भिंतीवर बोधिवृक्ष असेल आणि प्रत्येक घराच्या नावाचं त्यात एक पान असेल. प्रोग्राम सोपा होता. फांदीला दोन फांद्या फुटायच्या, त्यांना आणखी दोन, आणि प्रत्येक नवी फांदी नि तिचं पान आधीच्याहून जरा लहान. मी कागदावर नमुना काढला. काय देखणा आला होता म्हणून सांगू!

तो बघायला वस्तीतल्या रंभाआजी दुकानात आल्या.

"माझं पान कंचं गं?"

तेजश्रीनं शेंड्याकडे बोट दाखवलं. आजींचं घर वस्तीच्या टोकाला, म्हणून नावही शेवटी आलेलं. पान नखाएवढं होतं.

"आजी, झाड असंच असतंय. शेंड्याला पानं बारीकच," नागसेनभाऊ म्हणाले.

"झाडाचं मला नगं सांगू, नागसेन. झाडाला काय घरांची नावं असत्यात व्हय? शेवटच्या घराला बारकं पान, ह्ये आपण लय बघितलं. हितं तरी नगं."

तेजश्रीचा चेहरा उतरला. तिनं पानं लहान करणारा आकडाच काढून टाकला. झालं! सगळी पानं एका मापाची झाली आणि शेंड्याला एकमेकांवर चढली. पेन काढून पुन्हा पातं बसवलं, हिरवं रेडियम लावून पाहिलं, तर पातं एकाच जागी दोनदा फिरून पानांच्या चिंध्या झाल्या.

"उद्या पौर्णिमा हाय. पहिलंच लाव बाई," नागसेनभाऊ काकुळतीला आले.

"न्हाई पप्पा. लावीन तर सारखंच लावीन, न्हाईतर भिंत कोरी ऱ्हाईल."

पोरगी हट्टाला पेटली होती. ती पुन्हा कंसांत शिरली आणि प्रत्येक पानाला शिकवू लागली. बसायच्या आधी जागा मोकळी आहे का बघ. नसेल तर जरा वळ, जरा सरक, पुन्हा बघ. लहान मात्र कुणीच व्हायचं नाही. झाड रुंद झालं, फांद्या वाकड्यातिकड्या झाल्या, पण सगळी पानं बसली. माझा पट्टा ढिला झाला होता, तो नागसेनभाऊंनीच ताणला. मला टेम्पोत घालून विहारात नेलं. मग मीही मागे हटलो नाही. गुरगुरलो, थरथरलो, पण एक रेघ चुकू दिली नाही.

पौर्णिमेला सकाळी रंभाआजींनी भिंतीवर चिकटवलेल्या आपल्या पानावर तळवा ठेवला. मग शेजाऱ्यांच्या पानावर. मग बुंध्याजवळच्या पहिल्या पानावर.

"सारखंच हाय की गं!" त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत तिथंच खाली बसल्या. तेजश्री त्यांच्याशेजारी बसली. मी लोखंडाचा असलो म्हणून काय झालं, मलाही भरून आलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, पट्टे ताणत जा, आम्ही अजून पुष्कळ राबू. पण एवढं ध्यानात ठेवा. तुम्ही सांगाल ते आम्ही बिनचूक कापतो, आणि ते आम्हाला देखणंच वाटतं. त्यात कुणाचं पान लहान होतंय, हे तुम्हीच बघायचं.