एस्तेरचा ठसा

"कोरणी नेहमी पुढं ढकलायची, आणि दुसरा हात तिच्या मागं," म्हणत थोरात मॅडमनी एस्तेरचा डावा हात उचलून लिनोच्या तुकड्याच्या अलीकडे ठेवला.

श्रीरामपूरच्या त्या शाळेत नववीचा वर्ग पहिल्यांदाच लिनो, म्हणजे ठसा काढायची रबरासारखी जाड पट्टी, कोरत होता. कोराल तो भाग कागदावर पांढरा राहणार, ठेवाल तो काळा उमटणार. विषय होता घर. मॅडमनी फळ्यावर एवढंच लिहिलं होतं : नजर आधी कुठं जावी?

"मॅडम, माझ्या बैलाचं शिंगच उडालं!" मागून कानिफनाथ ओरडला.

"मग गाढव कर त्याचं."

वर्ग हसला. एस्तेरनं मान वर केली नाही. तिनं तुकड्यावर पेन्सिलीनं स्वयंपाकघर काढलं होतं. मांडणीवरची भांडी, खिडकीचे गज, टेबलाशी आजी आणि पप्पा. सगळं सारख्याच बारकाईनं. टेबलावर टेकवून ठेवलेला मोबाईल, आणि त्यात आगपेटीएवढा एक चेहरा.

"ही कोण?"

"आई. कुवेतला नर्स आहे."

"मग तिच्याकडंच नजर जायला हवी. मोठी काढ की तिला."

"मॅडम, ती एवढीच दिसते."

थोरात मॅडम स्टूल ओढून तिच्याशेजारी बसल्या.

"राहू दे एवढीच," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना नुसत्या रेघा दे, काळं राहू दे सगळं. उजेड फक्त तिच्या तोंडावर."

एस्तेरनं भांड्यांवरून बोट फिरवलं. मग सगळ्यात बारीक कोरणी घेऊन ती त्या चेहऱ्यावर वाकली. मधली सुट्टी झाली, मुलं डबे खाऊन आली, तरी ती तिथंच होती.

शेवटी तिनं काचेवरच्या शाईत रोलर घोळवून तुकड्यावर फिरवला, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला आणि कोपरा धरून अलगद उचलला.

"आयला, बघितल्या बघितल्या तीच दिसती!" कानिफनाथ म्हणाला.

काळ्याभोर स्वयंपाकघरात आईचा चेहरा लख्ख उमटला होता. एस्तेरनं मात्र कागद डोळ्यांजवळ नेला.

"मॅडम, आईचा तीळ इकडच्या गालावर गेला."

ठसा उलटा उमटतो. मॅडमनी सुरुवातीला फळ्यावर अक्षरं उलटी काढून दाखवली होती, पण चेहऱ्याचं बोलायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्या उठल्या आणि कपाटातून नवा तुकडा घेऊन आल्या.

"हा घे. या वेळी तीळ दुसऱ्या बाजूला काढ, म्हणजे बरोबर येईल."

एस्तेर कागद डोळ्यांसमोर धरून बसली होती. तिनं तुकड्याकडं पाहिलंही नाही.

"नको मॅडम. हाच राहू द्या."

"अगं, पण तीळ?"

"आई मला आरशासमोर बसवून वेणी घालायची," ती हळूच म्हणाली. "मागं उभी राहून. तेव्हा मला ती अशीच दिसायची."

बोलता बोलता तिचा हात मानेमागं गेला आणि आखूड कापलेल्या केसांच्या टोकांशी थांबला. बोटांची शाई मानेला लागली. मॅडमनी नवा तुकडा पुन्हा कपाटात ठेवला.